मेमरीची वाट पाहणारा प्रोसेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं लिनक्स आणि इंटेल-एएमडीचे प्रोसेसर समोर ठेवून लिहिली आहेत. आर्मवर तत्त्व तेच आहे, आकडे आणि काउंटरची (प्रोसेसरमधल्या घटना मोजणाऱ्या हार्डवेअरची) नावं बदलतात. अल्गोरिदमच चुकीचा निवडला असेल तर आधी तो बदला. एन-वर्ग वेळ घेणाऱ्या लूपला कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी, वाचवू शकत नाही.

टॉप या कमांडमध्ये सीपीयू 100 टक्के दिसतो. म्हणजे प्रोसेसर कामातच आहे ना?

असं सांगता येत नाही. टॉप एवढंच दाखवतं की ऑपरेटिंग सिस्टिमने तो कोअर (प्रोसेसरमधला सूचना चालवणारा एक स्वतंत्र भाग) तुमच्या प्रोसेसला दिला होता. त्या वेळात कोअरने हिशोब केला की नुसती डेटा येण्याची वाट पाहिली, याचा टॉपला पत्ता नसतो. डिस्कची वाट पाहणारी प्रोसेस झोपवली जाते, म्हणून तिथे टक्के खाली येतात. मेमरीसाठी थांबलेलीला कोणी झोपवत नाही, कारण ते थांबणं काही नॅनोसेकंदांचं असतं आणि झोपवणं-उठवणं त्याहून महाग पडतं.

फरक कळतो तो आयपीसीवरून, म्हणजे दर सायकलला सरासरी किती सूचना पूर्ण झाल्या यावरून. आजचा चांगला कोअर सायकलला चार किंवा जास्त सूचना पूर्ण करू शकतो. तुमचा आकडा 0.3 असेल तर कोअर बराच वेळ रिकामा बसलाय हे नक्की. तो मेमरीपायीच बसलाय असं मात्र लगेच धरू नका. चुकलेले ब्रांच अंदाज (‘जर-तर’नंतर कोड कुठे वळेल याचे) किंवा एकामागून एक येणारे भागाकारही आयपीसी पाडतात. उलटही होतं. लॉक मिळेपर्यंत गरगर फिरणाऱ्या लूपचा आयपीसी कधीकधी झकास दिसतो आणि काम शून्य असतं.

मेमरी इतकी मागे का पडली?

प्रोसेसरचा वेग वाढला त्या प्रमाणात डीरॅमची (मुख्य मेमरीची) लेटन्सी, म्हणजे मागितल्यापासून डेटा मिळेपर्यंतचा वेळ, कमी झाली नाही. 1995 मध्ये विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी एका छोट्या निबंधात हे मांडलं आणि ‘मेमरी वॉल’ हा शब्द रूढ झाला. उपाय मात्र आधीपासून होता. मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये कॅशची कल्पना लिहिली होती आणि आयबीएमने 1968 साली जाहीर केलेल्या सिस्टिम/360च्या मॉडेल 85मधून ती बाजारात आली.

आजचे ढोबळ आकडे असे: कोअरच्या सर्वांत जवळची एल1 कॅश 32 किंवा 48 केबी, उत्तर 4-5 सायकलमध्ये. एल2 साधारण 14 सायकल. एल3 40 ते 70. आणि डीरॅम 70 ते 100 नॅनोसेकंद. 3 गिगाहर्ट्‌झवर 100 नॅनोसेकंद म्हणजे 300 सायकल. तेवढ्या वेळात हजारभर सूचना होऊन गेल्या असत्या.

कॅश लाइन म्हणजे नेमकं काय?

मेमरी आणि कॅश यांच्यातली देवघेव सुट्या बाइटची नसते. एक्स86वर ती 64 बाइटच्या लाइनने होते, अ‍ॅपलच्या एम1वर 128च्या. पाव एकच हवा असला तरी बेकरीवाला लादीच देतो, तसं. तुम्ही 8 बाइटचा एक आकडा वाचलात की शेजारचे 56 बाइट सोबत आलेच. ते लगेच वापरले तर फुकटात पडले. न वापरता लाइन बाहेर फेकली गेली तर आठातली सात भाग वाहतूक वाया गेली.

मेमरीच्या सगळ्या विश्लेषणात मला हा एकच हिशोब खरा उपयोगी वाटतो: आणलेल्या बाइटपैकी वापरले किती? खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात.

मोजायला सुरुवात कशाने करू?

पर्फ या लिनक्सच्या मोजमाप साधनातल्या ‘स्टॅट’ कमांडने. प्रोग्राम त्याच्याखाली चालवा आणि सायकल, सूचना, कॅश मिस (हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडणं) आणि ब्रांच मिस एवढंच पाहा. मग टॉपडाउनचा पर्याय वापरा. अहमद यासीन यांनी 2014 मध्ये मांडलेली ही पद्धत पाइपलाइनमधल्या (सूचना टप्प्याटप्प्याने पूर्ण करणाऱ्या साखळीतल्या) जागा चार खात्यांत टाकते: कामी आलेल्या, चुकीच्या अंदाजात गेलेल्या, सूचना वेळेत न मिळाल्याने रिकाम्या राहिलेल्या आणि मागच्या बाजूला (हिशोब किंवा डेटापायी) अडलेल्या. शेवटचं खातं मोठं निघालं आणि त्यातही मेमरीचा वाटा मोठा असेल, तरच पुढे जा. इंटेलच्या व्हीट्यूनमध्ये हेच चित्र जास्त बारकाईने दिसतं.

हे सगळं खऱ्या आकाराच्या डेटावर करा. चाचणीच्या फाइलमधल्या हजार ओळी एल2मध्ये आरामात बसतात आणि सगळं छान चाललंय असं दाखवतात.

कॅश मिसची टक्केवारी किती झाली की चिंता करायची?

टक्केवारी पाहूच नका, निदान आधी नको. इंटेलवर पर्फचा ‘कॅश रेफरन्सेस’ हा साधा काउंटर एल3पर्यंत पोचलेल्या मागण्या मोजतो. एल1 आणि एल2ने भागवलेल्या मागण्या त्यात येतच नाहीत. समजा एका प्रोग्रामच्या 10,000 मागण्या एल3ला गेल्या आणि 6,000 हुकल्या. 60 टक्के मिस! पण 6,000 गुणिले 100 नॅनोसेकंद म्हणजे 0.6 मिलिसेकंद, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुसऱ्याच्या 40 कोटी मागण्यांपैकी 2 कोटी हुकल्या. फक्त 5 टक्के. पण त्या एकामागून एक आल्या तर 2 सेकंद गेले.

म्हणून दर हजार सूचनांमागे किती मिस झाल्या ते बघा, आणि त्याहून बरं म्हणजे मेमरीपायी किती सायकल अडल्या ते. मिस एकमेकांना समांतर चालू असतील तर तेवढ्याच संख्येचा फटका कितीतरी कमी बसतो. टक्केवारी या फरकाबद्दल काहीच बोलत नाही.

मॅट्रिक्स ओळीने वाचली काय नि स्तंभाने वाचली काय, बेरीज तीच. मग वेळेत इतका फरक कसा?

हे उदाहरण पाठ्यपुस्तकी वाटतं, पण हिशोब शेवटपर्यंत करून पाहण्यासारखा आहे. 8192 बाय 8192 आकाराची, 8 बाइटच्या दशांश आकड्यांची मॅट्रिक्स घ्या. एकूण 512 एमबी. सी मध्ये ओळी एकापुढे एक ठेवलेल्या असतात, फोर्ट्रानमध्ये स्तंभ. सी मध्ये ओळीने गेलात तर दर लाइनमधले आठही आकडे वापरले जातात आणि साधारण 84 लाख लाइन आणाव्या लागतात. वाट सरळ असल्यामुळे प्रीफेचर पुढच्या लाइन आधीच मागवून ठेवतो.

स्तंभाने गेलात तर दर पावलाला 65,536 बाइटची उडी. प्रत्येक आकडा नव्या लाइनमध्ये. तरीही असं वाटेल की एका स्तंभाला 8192 लाइन म्हणजे 512 केबी लागतात, त्या एल2मध्ये राहतील आणि पुढचा स्तंभ त्यांतूनच मिळेल. मिळत नाही. कारण कॅशमध्ये लाइन कुठेही बसत नाही. पत्त्याच्या मधल्या बिटांवरून तिचा संच, म्हणजे ती बसू शकेल अशा ठरावीक जागांचा गट, ठरतो. 32 केबी, आठ जागांचे 64 संच अशा एल1मध्ये 4096च्या पटीतले सगळे पत्ते एकाच संचात येतात. 65,536 ही 4096ची पट. म्हणजे 8192 लाइन आठ जागांसाठी भांडतात आणि बाकीचे 63 संच मोकळे पडून राहतात. एल2मध्येही संचांचा थोडासाच भाग वापरात येतो. परिणामी जवळपास प्रत्येक आकड्याला लाइन नव्याने, 6 कोटी 71 लाख वेळा, म्हणजे 512 एमबीच्या डेटासाठी 4 जीबीची वाहतूक. वर प्रत्येक उडी नव्या पेजवर (ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी वाटते त्या तुकड्यावर), त्याचा भुर्दंड वेगळा.

उपाय तीन. लूपची अदलाबदल करता आली तर तीच करा, बाकी काही नको. ट्रान्स्पोजसारख्या (ओळींचे स्तंभ करण्याच्या) कामात एक बाजू उलटी जाणारच, तिथे मॅट्रिक्सचे 32 बाय 32 किंवा तत्सम तुकडे पाडून एकेक तुकडा संपवा. तिसरा उपाय विचित्र वाटतो पण चालतो: ओळीची लांबी 8192 ऐवजी 8200 ठेवा. मग उडी 65,600 बाइटची होते, म्हणजे 1025 लाइनची, आणि लाइन सगळ्या संचांत पसरतात. जास्त मेमरी वापरून प्रोग्राम जलद झालेला पाहायचा असेल तर हा प्रयोग नक्की करा.

दोनची घात असलेले आकार आपण हौसेने निवडतो. 1000 बाय 1000ला नीट चालणारा कोड 1024 बाय 1024ला अडखळला तर पहिला संशय इथेच घ्यावा.

पर्फ ज्या ओळीवर बोट ठेवतं तिथे मेमरी वाचणारं काहीच नसतं. असं का?

ठरावीक इतके मिस झाले की काउंटर इंटरप्ट देतो, पण तो पोचेपर्यंत कोअर काही सूचना पुढे निघून गेलेला असतो. दोष शेजारच्या बेरजेवर येतो. इंटेलचं पेब्स, एएमडीचं आयबीएस आणि आर्मचं एसपीई हे नेमका नमुना हार्डवेअरमध्येच नोंदवतात. पर्फ मेम त्यांच्यावरच चालतं: कोणत्या सूचनेने, कोणत्या पत्त्यावरून वाचलं, डेटा एल2मधून आला की डीरॅममधून, आणि किती सायकल लागल्या. पत्ता हातात आल्यावर प्रश्नच बदलतो. ‘कोणतं फंक्शन हळू’ ऐवजी ‘कोणता डेटा दूर पडलाय’ हे विचारता येतं. मला हे विश्लेषणातलं सर्वांत दुर्लक्षित साधन वाटतं.

कॅशग्राइंड वापरावं का?

तुलनेसाठी जरूर. ते व्हॅलग्राइंडमधलं साधन आहे आणि कॅशची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करतं, त्यामुळे त्याचे आकडे मशीनवर दुसरं काय चालू आहे यावर हलत नाहीत. एसक्यूलाइट या डेटाबेसचे लोक बारीकसारीक सुधारणा मोजायला तेच वापरतात. पण त्यात प्रीफेचर नाही, टीएलबी (पेजचे पत्ते लक्षात ठेवणारी छोटी कॅश) नाही, कॅशच्या दोनच पातळ्या आहेत आणि प्रोग्राम कित्येक पट हळू चालतो. 2023च्या 3.21 आवृत्तीपासून कॅशची नक्कल मुळात बंद असते, पर्याय देऊन चालू करावी लागते. हे माहीत नसलेले लोक मिसचे रकाने शोधत बसतात.

स्ट्रक्टची (एका नोंदीतल्या फील्डच्या गटाची) मांडणी बदलून खरंच फरक पडतो?

आणलेले-वापरलेले हा हिशोब इथे सर्वांत सरळ लागू होतो. बँकेच्या व्यवहाराची एक नोंद 128 बाइटची आहे असं धरा: खाते क्रमांक, तारीख, रक्कम, शेरा वगैरे. लाखो नोंदींमधल्या फक्त रकमांची बेरीज करायची आहे. दर नोंदीमागे एक लाइन येते, 64 बाइट, त्यातले 8 वापरले जातात. रकमा वेगळ्या अ‍ॅरेत ठेवल्या तर 64 पैकी 64. वाहतूक एक अष्टमांश. कॉलम-आधारित (एकेक रकाना सलग ठेवणारे) डेटाबेस आणि तसाच डेटा-फॉरमॅट अपाचे अ‍ॅरो यांच्यामागचा मुख्य विचार हाच.

पण तुमचं काम ‘हा व्यवहार उघड आणि सगळं दाखव’ असं असेल तर सुट्या अ‍ॅरेंनी उलट नुकसान होतं. एका नोंदीसाठी दहा ठिकाणी जावं लागतं. मधला मार्ग म्हणजे गरम आणि थंड फील्ड वेगळी करणं: वारंवार लागणारी चार एकत्र, बाकीची पॉइंटरपलीकडे. सी आणि सी++ मध्ये फील्डच्या क्रमामुळे पडणारी भोकं (वाया जाणारे बाइट) पाहायला पाहोल हे छोटं साधन आहे. फील्ड मोठ्याकडून छोट्याकडे लावली की बऱ्याच स्ट्रक्टचं वजन आपोआप उतरतं.

लिंक्ड लिस्टला सगळे शिव्या का देतात?

कारण पुढच्या नोडचा, म्हणजे लिस्टमधल्या घटकाचा, पत्ता आधीच्या नोडमध्येच लिहिलेला असतो. अ‍ॅरे वाचताना कोअर एकाच वेळी दहा-बारा किंवा जास्त लाइन मागवून ठेवू शकतो. लिस्टमध्ये पहिला नोड हाती येईपर्यंत दुसऱ्याची मागणीच करता येत नाही, मग मिस समांतर न चालता रांगेत उभे राहतात. नोड वेगवेगळ्या वेळी हीपमधून (प्रोग्राम लागेल तेव्हा जिथून जागा मागतो त्या मेमरीतून) घेतलेले असतील तर प्रीफेचरलाही काही सुधरत नाही. सगळे नोड एकाच सलग पट्ट्यातून दिले तर बराच फरक पडतो. आणि लिस्ट वीस नोडची, एल1मध्येच राहणारी असेल तर कशाला हात लावू नका.

मग प्रीफेचच्या सूचना हातानेच घातल्या तर?

बहुधा नको. लिनक्स कर्नेलच्या लिस्ट फिरवणाऱ्या मॅक्रोंमध्ये अशी सूचना वर्षानुवर्षं होती. 2011 मध्ये ती काढली, कारण मोजल्यावर ती तोट्याची निघाली. लिस्ट बहुतेकदा छोट्या असत, आणि शेवटच्या शून्य पॉइंटरचं प्रीफेच टीएलबीला फुकटचा धक्का देई. हॅश टेबलमध्ये एकदम बऱ्याच किल्ल्या शोधायच्या असतील, पत्ते आधीच माहीत असतील, तर उपयोग होतो.

चार थ्रेडचे आठ केले आणि प्रोग्राम हळू झाला. लॉक तर कुठेच नाही!

प्रत्येक थ्रेडचा (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्याचा) आपापला काउंटर, इथे कोडमधलं मोजणीचं चल, एका अ‍ॅरेत शेजारी-शेजारी आहे का पाहा. आठ काउंटर, प्रत्येकी 8 बाइट: बरोबर एक लाइन. लिहिण्याआधी कोअरला ती लाइन एकट्याच्या ताब्यात घ्यावी लागते, म्हणून आठ कोअर ती एकमेकांकडून सतत ओढत राहतात. कोडमध्ये काहीच सामायिक नाही, हार्डवेअरमध्ये मात्र सगळं सामायिक. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. पर्फ सी2सी हे साधन अशी लाइन, तिच्यावर लिहिणारे थ्रेड आणि कोडमधली जागा थेट दाखवतं.

उपाय सोपा: काउंटर थ्रेडच्या स्थानिक चलात ठेवा आणि शेवटी एकदाच जोडा. ते जमत नसेल तर मध्ये जागा सोडा. रस्टमधली क्रॉसबीम लायब्ररी एक्स86-64वर 64 नव्हे तर 128 बाइट सोडते, कारण इंटेलचा एक प्रीफेचर लाइन जोडीने आणतो.

फॉल्स शेअरिंग नसेल तर दुसरी शक्यता साधी आहे: मेमरीची बँडविड्थ, म्हणजे दर सेकंदाला वाहून नेता येणारा डेटा, संपली. डीडीआर4-3200 या मेमरीच्या एका चॅनेलची कमाल 25.6 जीबी प्रतिसेकंद. ती दोन-तीन थ्रेडनी भरली असेल तर आठवा थ्रेड फक्त रांग लांबवतो.

टीएलबीकडे कधी पाहायचं?

डेटा मोठा आणि उड्या यादृच्छिक असतील तेव्हा. 4 केबीच्या पेजने 1536 नोंदींचा टीएलबी फक्त 6 एमबी झाकतो. 2 एमबीची मोठी पेज वापरली तर तेवढ्याच नोंदी 3 जीबी झाकतात. मोठं हॅश टेबल किंवा इंडेक्स असेल तर हा बदल कोडला न शिवता करून पाहता येतो. मात्र काही डेटाबेसचे मार्गदर्शक ट्रान्स्परंट ह्यूज पेज (मोठी पेज आपोआप वापरण्याची लिनक्सची सोय) बंदच ठेवा म्हणतात, कारण पेज जोडण्याच्या खटाटोपात मध्येच अडखळा येतो. तुमच्या कामावर मोजा.

दोन सॉकेटच्या सर्व्हरवर वेगळं काय होतं?

प्रत्येक सॉकेटला (प्रोसेसर चिप बसवलेल्या जागेला) स्वतःची मेमरी असते आणि पलीकडची लांब पडते. लिनक्स पेज त्या सॉकेटच्या मेमरीत देतं, ज्या सॉकेटवरच्या थ्रेडने तिला पहिल्यांदा हात लावला. सगळा अ‍ॅरे मुख्य थ्रेडने शून्य करून घेतला आणि मग काम 40 थ्रेडना वाटलं, की अर्धे थ्रेड कायम पलीकडून वाचतात. शून्य करण्याचं कामही त्याच थ्रेडना वाटून द्या, प्रश्न मिटतो.

पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये उभ्या केलेल्या परम 8000 या महासंगणकामध्ये हा घोळ होऊच शकत नसे. प्रत्येक ट्रान्सप्युटरची (त्यातल्या प्रोसेसर चिपची) मेमरी वेगळी, दुसऱ्याचा डेटा हवा तर प्रोग्रामरने स्वतः संदेश पाठवायचा. दूरचं वाचन किती महाग हे तेव्हा कोडमध्येच दिसे. आज ते साध्या वाचनासारखं दिसतं.

मी पायथन किंवा जावात लिहितो. मला याचं काय?

तुम्हाला जास्तच. सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, एक छोटा पूर्णांक 28 बाइटचा ऑब्जेक्ट असतो आणि लिस्टमध्ये त्याकडे जाणारा 8 बाइटचा पॉइंटर. नमपायमध्ये तोच आकडा 8 बाइट, सलग. नमपायचा वेग फक्त सी मध्ये लिहिल्यामुळे आहे असं लोक समजतात. सलग मांडणीचा वाटा ते विसरतात. नमपायचे अ‍ॅरे मुळात ओळीने मांडलेले असतात, म्हणून वरचं मॅट्रिक्सचं सगळं पुराण तिथेही लागू.

जावात इंटिजरच्या अ‍ॅरेलिस्टला दर आकड्याला साधारण 20 बाइट लागतात, इंटच्या साध्या अ‍ॅरेला 4. यापलीकडे जेव्हीएमशी झटापट करण्याआधी हे एवढं बदलून पाहा.

क्लाउडवर पर्फ ‘सपोर्ट नाही’ म्हणतं. आता?

बऱ्याच व्हर्च्युअल मशीनना हार्डवेअर काउंटर दिलेले नसतात, पेब्ससारख्या सोयी तर क्वचितच. तासाभरासाठी बेअर मेटल (व्हर्च्युअल नसलेलं, अख्खं) मशीन घेणं हा सरळ मार्ग. कंटेनरमध्ये असाल तर आधी होस्टवरची पर्फ इव्हेंट पॅरानॉइड ही सेटिंग तपासा, अडथळा कधीकधी तेवढाच असतो.

काउंटरशिवायही एक प्रयोग होतो. डेटाचा आकार दर वेळी दुप्पट करा आणि एका घटकामागचा वेळ आलेखावर मांडा. रेघ सपाट राहिली तर मेमरीचा त्रास नाही. एल1, एल2, एल3च्या आकाराशी पायऱ्या दिसल्या तर आहे, आणि तुमचा खरा डेटा कोणत्या पायरीवर बसतो तेही तिथेच दिसतं.

किती सुधारल्यावर थांबायचं?

तळ कुठे आहे ते आधी काढा. जॉन मॅककॅल्पिन यांचा स्ट्रीम बेंचमार्क मशीनवर चालवा, खरी मिळणारी बँडविड्थ कळेल. ती कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीच असते. दोन चॅनेलच्या डीडीआर4-3200 मशीनवर वरची 512 एमबीची मॅट्रिक्स एकदा वाचायला कागदावरसुद्धा 10.5 मिलिसेकंद लागतात. तुमचा कोड 13 घेत असेल तर लूप पिळून काही निघणार नाही. 90 घेत असेल तर अजून बरंच आहे. तळाशी पोचल्यावरही वेग हवा असेल तर बाइटच कमी आणावे लागतात: 8 बाइटच्या दशांशाऐवजी 4 बाइटचा पुरतो का, 64 बिटी आयडीची खरंच गरज आहे का, दोन वेगळ्या लूपमध्ये तोच अ‍ॅरे दोनदा वाचला जातोय का. यातला शेवटचा प्रश्न आधी विचारा. दोन लूप एक केल्याने अचूकता जात नाही, फाइलचा फॉरमॅटही बदलत नाही.